पीटी-३ नक्की कुणी भरायचा? (सोसायटीचा ग्रुप, पुणे, रविवार ५ नोव्हेंबर २०२३)

ए-१०२ आजोबा, सकाळी ७.१०
फॉरवर्डेड: सर्व पुणेकरांनी १५ नोव्हेंबरच्या आत पीटी-३ अर्ज भरणे बंधनकारक!! नाहीतर घरपट्टीतली ४० टक्के सवलत कायमची रद्द. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा 🙏

ए-१०२ आजोबा, ७.१२
मी उद्या सकाळी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन रांगेत उभा राहतोय. कुणाचे कागद न्यायचे असतील तर आज रात्रीपर्यंत आणून द्या.

बी-३०३ काकू, ७.३०
आजोबा, आमचेही न्या हो. काय काय लागतं? आधार चालेल ना?

सी-५०१, ७.४१
आमच्या वाकडच्या मेव्हण्यानेही हेच पाठवलंय. तोही उद्या सुट्टी टाकतोय.

बी-२०४ सेक्रेटरी ताई, ८.०५
मेव्हण्यांना आधी थांबवा. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं. ही ४० टक्क्यांची भानगड फक्त पुणे महापालिकेची आहे.
आणि आजोबा, तुम्हीही उद्या कुठे जाऊ नका. चहा झाला की सविस्तर लिहिते.

ए-१०२ आजोबा, ८.०७
अहो पण बंधनकारक लिहिलंय.

बी-२०४ सेक्रेटरी ताई, ८.५२
सगळ्यांनी एकदा नीट वाचा, म्हणजे दिवसभर मला फोन येणार नाहीत.

घरपट्टी कशावर लागते? आपलं घर भाड्याने दिलं तर किती भाडं येईल, हे महापालिका तिच्या दराने ठरवते. त्यावरून वर्षाचं करपात्र मूल्य काढतात आणि कर त्या मूल्यावर बसतो. आता जो स्वतःच्या घरात राहतो, त्याला भाडं कुठलं मिळायला? म्हणून १९७० साली महापालिकेने ठराव केला की मालक स्वतः राहत असेल तर त्या मूल्यात ४० टक्के सूट द्यायची. पन्नासएक वर्षं पुणेकर तसेच भरत आले. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की कायद्यात अशी तरतूदच नाही, आणि राज्य सरकारने सवलत बंद करायला लावली. या वर्षी सरकारने ती पुन्हा चालू केली.

मधल्या काळात ज्यांची सवलत गेली किंवा ज्यांना ती मिळालीच नाही, त्यांच्यासाठी पीटी-३ आहे. म्हणजे ज्यांच्या घराची आकारणी १ एप्रिल २०१९ नंतर झाली ते, आणि सर्वेक्षणात भाडेकरू दिसला म्हणून ज्यांची सूट काढली ते. बाकीच्यांना अर्ज नाही.

आता आपल्याकडे बघा. ए आणि बी विंग २००९ च्या, त्यांची सवलत चालूच आहे. सी विंगचा ताबा २०२० मध्ये मिळाला, म्हणून सी विंग पहिल्यापासून पूर्ण भरतेय. त्यामुळे सी विंगवाले, आणि फक्त सी विंगवाले, कामाला लागा.

ए-३०१ वहिनी, ९.०३
ताई, फक्त सी नाही हो. २०१८ मध्ये आम्ही नाशिकला होतो आणि इथे भाडेकरू होते. सर्वेक्षण नेमकं तेव्हाच झालं. आता तीन वर्षं आम्हीच राहतोय, पण बिल अजून पूर्णच येतं.

बी-२०४ सेक्रेटरी ताई, ९.०६
बरं झालं सांगितलंत. ए-३०१ ने भरायचाच आहे.

सी-४०३ दादा, ९.१५
म्हणजे तीन वर्षं आम्ही तुमच्यापेक्षा ४० टक्के जास्त भरत होतो?

बी-१०१ सर, ९.१८
४० नव्हे. साठाच्या जागी शंभर भरत होता. साठावर चाळीस म्हणजे जवळजवळ ६७ टक्के जास्त. (३० वर्षं गणित शिकवलंय, राहवत नाही.)

सी-४०३ दादा, ९.१९
सर, सकाळी सकाळी जखमेवर मीठ 😐

सी-२०१ ताई, ९.२४
आणि भरलेले पैसे? ते गेले?

बी-२०४ सेक्रेटरी ताई, ९.३१
गेले नाहीत. जास्तीची रक्कम पुढच्या चार वर्षांच्या बिलांतून थोडी थोडी वळती होणार. रोख परत मिळणार नाही. पण अर्ज केला तरच. अर्ज नसेल तर तुम्ही स्वतः राहत नाही असं धरून पूर्ण बिल चालू राहील.

बी-३०३ काकू, ९.३५
आमची सवलत चालू आहे म्हणता, मग यंदा आमचं बिल वाढलं कसं? कुणी दर वाढवले?

बी-१०१ सर, ९.४७
हे मी सांगतो. घराच्या दुरुस्तीसाठी म्हणून भाड्यातून आधी एक वजावट मिळते. पुण्यात ती १५ टक्के होती, कायद्यात १० आहे. १ एप्रिल २०२३ पासून १० केली.
समजा महापालिकेने महिन्याला १००० रुपये भाडं धरलं. वर्षाचे १२,०००. पूर्वी १५ टक्के जाऊन १०,२०० आणि त्याचे ६० टक्के म्हणजे ६,१२०. आता १० टक्के जाऊन १०,८०० आणि त्याचे ६० टक्के म्हणजे ६,४८०. या आकड्यावर कर लागतो. दर तोच राहिला तरी बिल सहाएक टक्क्यांनी फुगतं.
स्वतः न राहणाऱ्याला पूर्ण १०,८०० वर.

बी-३०३ काकू, ९.५०
सर, आता कळलं. मी उगीच आमच्या ह्यांच्यावर ओरडले की बिल उशिरा भरलंत म्हणून दंड लागला.

बी-२०४ सेक्रेटरी ताई, ९.५२
काकू, या १५ आणि १० मधल्या फरकाची मागची वसुलीही निघाली होती, २०१० पासूनची. ती सरकारने माफ केली. नाहीतर यंदा सगळ्यांचंच दिवाळं निघालं असतं.
पण दंडाचं खोटं नाही हं. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. वर्षाचे २४.

ए-४०१, ९.५८
आज पंपाचं पाणी दहाला बंद होणार का साडेदहाला?

वॉचमन केबिन, १०.००
साडेदहा.

सी-२०१ ताई, १०.०४
ताई, कागद काय काय ते एकदा सांगा ना.

बी-२०४ सेक्रेटरी ताई, १०.१६
महापालिकेच्या मिळकतकराच्या साइटवर अर्ज आहे, त्याचं पीडीएफ ग्रुपवर टाकलंय. बिलावरचा मिळकत क्रमांक बरोबर लिहा, नाहीतर अर्ज भलत्याच्याच खात्यावर जाईल. सोबत तुम्ही स्वतः राहता असं सोसायटीचं पत्र. आणि मतदान ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड, रेशनकार्ड यातलं एक. पुण्यात आणखी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत, ती लपवू नका. सवलत एकाच घराला मिळते. अर्जाची फी २५ रुपये. क्षेत्रीय कार्यालयात किंवा पेठ निरीक्षकाकडे (आपल्या भागाचे मिळकतकर निरीक्षक) द्यायचा. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.
१२ ला लक्ष्मीपूजन, १५ ला भाऊबीज. शेवटच्या दिवशी जायचा बेत असेल तर आत्ताच बदला. सोसायटीची पत्रं आज संध्याकाळी ६ ते ८ ऑफिसमध्ये मिळतील. चेअरमन काका सहीला बसणार आहेत.

सी-३०२, ११.२०
ताई नमस्कार, दुबईहून. माझंही एक पत्र करून ठेवा. भावाला पाठवतो घ्यायला.

बी-२०४ सेक्रेटरी ताई, ११.२६
तुम्ही इथे राहत नाही ना भाऊ.

सी-३०२, ११.२८
मालक तर मीच आहे. 'मालक स्वतः राहतात' एवढी एक ओळ. कोण तपासायला येतंय? बाकी सोसायट्या देतायत.

चेअरमन काका, ११.४०
बाकीच्यांचं बाकीच्यांना. सही माझी आहे.

सी-३०२, ११.४३
काका, दिवाळीला येतोय ना मी. चार दिवस राहणारच आहे.

खजिनदार बी-५०३, ११.५१
भाऊ, राग मानू नका. तुमच्याकडून दर महिन्याला नॉन-ऑक्युपन्सी घेतो आम्ही, सेवाशुल्काच्या १० टक्के. का घेतो? तुम्ही राहत नाही म्हणून. गेल्या तीन वर्षांच्या पावत्यांवर तसं छापलंय. आता त्याच लेटरहेडवर 'स्वतः राहतात' कसं लिहायचं?

सी-३०२, ११.५३
मग नॉन-ऑक्युपन्सी बंद करा 😀

सी-३०२ (भाडेकरू), ११.५५
अंकल, आम्ही तिघं पण या ग्रुपवर आहोत 😅 सॉरी. पोलिस व्हेरिफिकेशनचा कागद आमच्याकडे आहे, लागला तर सांगा.

सी-३०२, ११.५५
हा मेसेज हटवण्यात आला आहे

सी-४०३ दादा, ११.५८
काय होतं त्यात? मी वाचायच्या आत गेलं.

बी-२०४ सेक्रेटरी ताई, १२.१०
विषय संपला. भाऊ, ज्या दिवशी कायमचे परत याल त्या दिवशी मी स्वतः तुमचा अर्ज भरून देईन. हे मनापासून सांगतेय.
आजोबा, तुमचं बिल सापडलं का?

ए-१०२ आजोबा, १२.३८
सापडलं. सुनेने वाचून दाखवलं. आमची सवलत चालूच आहे. म्हणजे सकाळी मी उगीच सगळ्यांना घाबरवलं.

बी-३०३ काकू, १२.४०
नाही हो आजोबा, तुमच्यामुळे तर कळलं सगळं.

ए-१०२ आजोबा, १२.४६
आता असं करतो. उद्या मला काही काम नाही, थर्मासही घासून ठेवलाय. सी विंगचे आणि ए-३०१ चे अर्ज सह्या करून माझ्याकडे द्या, मीच देऊन येतो. दर अर्जाला २५ रुपये सुटे. पाचशेची नोट कुणी देऊ नये.

सी-२०१ ताई, १२.४८
आजोबा 🙏🙏 रात्री येते घेऊन. चकलीही आणते.

सी-४०३ दादा, १२.४९
माझाही. मिळकत क्रमांक दोनदा तपासून देतो.

बी-२०४ सेक्रेटरी ताई, १२.५५
आजोबा, सी विंगचे म्हणजे सी-३०२ सोडून.

ए-१०२ आजोबा, १२.५७
ते मी ऐकलं.