रोपं रातोरात साफ होतायत, खातंय कोण?

गच्ची_मुलुंड
मुलुंड, चौथा मजला, सोसायटीची उघडी गच्ची. 15 इंची बारा ग्रो बॅगा, दोन क्रेट आणि एक सीडलिंग ट्रे. माती, शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात. सध्याची स्थिती अशी:

वांग्याची रोपं ट्रेतून बॅगेत लावून सहा दिवस झाले. त्यातली तीन सकाळी आडवी. खोड मातीलगत कापलेलं, पानं तिथेच पडलेली, खाल्लेली नाहीत.
दुधी आणि काकडीच्या पहिल्या दोन जाड पानांना गोल भोकं, एका पानाची जाळीच झाली आहे.
पालकाचा क्रेट एका रात्रीत संपला, फक्त शिरा उरल्या.
ट्रेमधली टोमॅटोची रोपं कोलमडतायत. खोड तळाशी बारीक, तपकिरी.

निमतेल दोनदा फवारलं (अंदाजाने, टोपणभर), लगेच सर आली. बॅगांभोवती मीठही टाकलंय. गणपतीनंतरच्या हंगामासाठी रोपं हवीत. आता काय करू?

---

कुंडीतला_किडा
ताई/दादा, तुमच्याकडे चार वेगळे गुन्हेगार दिसतायत, आणि टोमॅटोचा तर किडाच नाही. चौघांना एकच औषध मारलंत तर चौघंही टिकतील. आधी मीठ गोळा करा. पावसाने ते विरघळून बॅगेत शिरलं तर मुळं जळतील, गोगलगाय मात्र दुसऱ्या वाटेने येईल.

वांगी. मातीलगत कापून रोप तिथेच टाकून जाणं ही कुरतडणाऱ्या अळीची खूण. करडी-काळपट, गुळगुळीत, हात लावला की वेटोळं करते. रात्री खाते, दिवसा त्याच रोपाजवळ एक-दीड इंच मातीखाली पडून असते. आज सकाळीच पडलेल्या रोपाभोवती चार बोटं अंतरापर्यंत माती बोटांनी उकरा, बहुतेक वेळा सापडते. सापडली की साबणाच्या पाण्यात.

उरलेल्या रोपांना गळपट्टी घाला. 200 मिलीचा कागदी कप घेऊन तळ कापा (कटिंग चहाचा कप बुटका पडतो). तो रोपावरून सरकवून एक इंच मातीत दाबा, दोन इंच वर राहू द्या. पाण्याची बाटली कापून कडी केलीत तर पावसात लगदा होत नाही. पण गळपट्टी घालायच्या आधी आतली माती उकरून बघायचीच. अळी आत राहिली तर तिला जेवणासकट खोली दिल्यासारखं होईल. खोड पेन्सिलीएवढं झालं की काढून टाका.

तिरका, धारदार काप असेल, माती उकरलेली असेल आणि रोपच गायब असेल, तर तो उंदीर. रोप उपटून बाजूला फेकलेलं असेल तर कबुतर. तुमच्या वर्णनात दोघंही बसत नाहीत.

पालक. बहुतेक गोगलगाय. क्रेटच्या कडेला सुकलेला चकचकीत पट्टा दिसतो का बघा. बिनशंखाचीही असू शकते, ती क्रेटच्या तळाला चिकटून बसते, म्हणून क्रेट उचलून उलटा बघा. चौथ्या मजल्यावर ती चढून येतेच असं नाही, बहुतेक वेळा विकतच्या मातीतून किंवा नर्सरीच्या कुंडीतून अंडी येतात. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी दिसतात, पांढरट-पिवळसर, मातीत झुबक्याने.

गोणपाटाचा तुकडा गुळाच्या पाण्यात (लिटरला मूठभर गूळ) भिजवून संध्याकाळी क्रेटशेजारी पसरा. रात्री नऊ-दहाला टॉर्च घेऊन एक फेरी, सकाळी सात वाजता गोणपाट उलटून दुसरी. हातमोजे घालूनच उचला. गोगलगाईत माणसाला बाधणारे जंत असू शकतात, म्हणून अशा क्रेटमधला पाला कच्चा खाऊ नका. मिठाच्या दाट पाण्याच्या डब्यात टाका आणि ते पाणी गटारात ओता, कुंडीत नाही. रिकामे शंख गच्चीत पडू देऊ नका, त्यात पाणी साचून डास होतात. सलग आठ-दहा रात्री हे केल्याशिवाय फरक दिसत नाही, कारण लहान पिल्लं पहिल्या फेरीत नजरेतून सुटतात. पाणी घालायची वेळ संध्याकाळची असेल तर सकाळची करा, रात्री माती जितकी कोरडी तितकी त्यांची चाल मंद.

अंड्याची टरफलं आणि चुन्याची रेघ सगळीकडे सुचवतात. मुंबईच्या पावसात पहिल्या सरीनंतर त्यांचा उपयोग शून्य.

---

काकडी_कोशिंबीर
वरच्याला +1. टोमॅटोबद्दल: ही रोपमर आहे. मातीतली बुरशी, ओल जास्त आणि हवा कमी झाली की येते. पडलेली रोपं वाचत नाहीत, मातीसकट काढून टाका, शेजारच्या कप्प्यात झटकू नका. ट्रे छपराखाली घ्या, विटांवर ठेवा म्हणजे खालची भोकं मोकळी राहतील, आणि वरचा थर सुकल्यावरच पाणी द्या. उभ्या रोपांना ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) 5 ग्रॅम एक लिटर पाण्यात, मुळाशी. पुढच्या पेरणीला शेणखत वगळा, नुसतं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत 3:1. कच्चं शेणखत ट्रेमध्ये गेलं की हे व्हायचा धोका वाढतो.

दुधी-काकडीवर तांबडे भुंगेरे आहेत. नारिंगी-तांबडे, 6-8 मिलिमीटरचे. पहिल्या दोन पानांवर तुटून पडतात, कारण ती मऊ असतात. रोपाला चार-पाच खरी पानं आली की पुढे थोडं खाल्लं तरी ते निभावतं, म्हणजे सांभाळायचे ते पहिले तीन आठवडे. सकाळी सातच्या आत ते सुस्त असतात. पानाखाली साबणपाण्याची वाटी धरून वरून टिचकी मारा, सरळ खाली पडतात. ऊन चढल्यावर गेलात तर उडून जातील.

त्यापेक्षा जाळी लावा. बॅगेत अर्ध्या इंची पीव्हीसी नळीच्या किंवा जाड तारेच्या दोन कमानी काटकोनात खोचा, वर मच्छरदाणीचं कापड. 15 इंची बॅगेला दीड मीटरचा चौरस तुकडा पुरतो. खालची कड बॅगेभोवती इलॅस्टिकने आवळा. नुसतं वरून टाकलंत तर भुंगेरे खालून शिरतात. कापड पानांना टेकता कामा नये, चार इंच तरी अंतर हवं, नाहीतर पतंग बाहेर बसून जाळीतून पानावर अंडी घालतो. मच्छरदाणीने भुंगेरे, पतंग, कबुतरं थांबतात. मिरचीवरची पांढरी माशी त्यातून आरामात जाते, तिला 40 मेशची (इंचात 40 भोकं) कीटकजाळी लागते, आणि फुलकिडे त्याहूनही बारीक. पण दाट जाळीत हवा खेळत नाही, आपल्याकडच्या दमटपणात आत बुरशी धरते. म्हणून 40 मेश फक्त मिरची-टोमॅटोवर, बाकी सगळ्यांना मच्छरदाणी. दुधीला फुलं आली की जाळी काढायची, नाहीतर मधमाश्या पोचत नाहीत आणि कोवळी फळं पिवळी पडून गळतात.

---

नीम_हकीम
निमतेलाचं टोपण बंद करा, मोजून घ्या. 5 मिली निमतेल, 1 मिली सौम्य लिक्विड साबण, 1 लिटर कोमट पाणी. क्रम महत्त्वाचा: आधी तेल आणि साबण एका वाटीत दुधाळ होईपर्यंत घोटा, मग पाणी. उलटं केलंत तर तेल वर तरंगतं, पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी तेलाची चूळ, तिथेच पानं करपतात. दोन पानांच्या रोपाला तेल 2 मिलीच. काकडीवर्गाची पानं साबणाने लवकर भाजतात, आधी एका पानावर मारून एक दिवस थांबा. ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने फवारा, आणि त्याच दिवशी संपवा, उरलेलं ठेवू नका.

अपेक्षाही बेताच्या ठेवा. निमतेल मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींची भूक आणि वाढ रोखतं, किडा जागच्या जागी मरत नाही. गोगलगाय आणि मातीतली अळी यांना ते लागूच पडत नाही. पावसाळ्यात चार-पाच तासांची उघडीप मिळणार नसेल तर फवारणी म्हणजे तेल गटारात.

---

गच्ची_मुलुंड
धन्यवाद मंडळी. वांग्याच्या बॅगेत दोन अळ्या मिळाल्या, अगदी सांगितल्यासारख्या वेटोळं करून. पालकाच्या क्रेटखाली साबुदाणेही आहेत, तीसेक तरी. दुकानात गोगलगाईच्या निळ्या गोळ्या दाखवल्या, मेटाल्डिहाइड 2.5 टक्के. घेऊ का? गच्चीत मांजरं येतात.

---

कुंडीतला_किडा
मांजरं येत असतील तर नको. मेटाल्डिहाइड कुत्र्या-मांजरांना विषारी आहे, आणि त्या गोळ्यांत धान्याचा कोंडा असल्याने ती तोंड घालतात. शिवाय पावसात गोळ्या फुगून फुटतात. सोसायटीच्या गच्चीत मुलंही खेळतात.

साबुदाणे चमच्याने मातीसकट उचलून त्याच मिठाच्या डब्यात टाका. क्रेटमधली माती ताडपत्रीवर पसरून दोन दिवस कडक ऊन दाखवा. ऊन मिळेपर्यंत त्यात पुन्हा पालक पेरू नका. क्रेट विटांवर ठेवलात तर तळ रोज बघता येईल, दिवसा त्या तिथेच लपतात.

---

काकडी_कोशिंबीर
आणि पिवळे चिकट सापळे घेणार असाल तर जाळीच्या आतच टांगा. उघड्या गच्चीत पाली आणि चिमण्या चिकटतात.