गेममधून टीमवर्क: प्रॅक्टिकलच्या दोन तासांत नेमकं काय करून घ्यायचं?

वारणाकाठ:
सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सेकंड इयर मेकॅनिकलला शिकवते. २०-२० च्या तीन बॅच आहेत आणि प्रत्येक बॅचला दोन तासांची चार प्रॅक्टिकल मिळालीत. लॅबमध्ये २० मशीन, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. लॅन चांगलं आहे, इंटरनेटचा भरवसा नाही.

मिनी प्रोजेक्टमध्ये दरवर्षी तेच होतं. पाच जणांतला एकच सगळं काम ओढतो, दोघं रिपोर्ट टाइप करतात आणि उरलेल्या दोघांना व्हायवात आपल्याच प्रोजेक्टचं ड्रॉइंग वाचता येत नाही. गेम वापरून एकत्र काम करायची आणि अडचण सोडवायची सवय लावता येईल का? कोणता गेम, किती वेळ, कशी विभागणी? बरीच मुलं जत, आटपाडी भागातली, मराठी माध्यमातून आलेली आहेत, तेही लक्षात घ्या.

जोडणी:
मॅडम, गेम निवडताना एकच कसोटी लावा: सगळं येणाऱ्या एकट्या मुलाला तो पूर्ण करता येतो का? येत असेल तर मिनी प्रोजेक्टचंच चित्र पुन्हा दिसेल. प्रत्येकाकडे माहितीचा वेगळा तुकडा हवा, म्हणजे बोलल्याशिवाय कुणाचंच अडलेलं निघणार नाही.

पहिल्या दोन प्रॅक्टिकलला 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स' घ्या. २०१५ चा गेम आहे. एकाला स्क्रीनवर बॉम्ब दिसतो, बाकीच्यांच्या हातात २३ पानांचं मॅन्युअल असतं आणि त्यांनी स्क्रीन बघायची नसते. मॅन्युअल गेम बनवणाऱ्यांच्या साइटवर फुकट मिळतं. गेम मात्र विकत घ्यावा लागतो आणि चार गट एकाच वेळी खेळणार असतील तर चार कॉप्या लागतील. आधी एका मशीनवर चालवून बघा, मगच बाकीच्या घ्या.

पाचाचा गट: एक बॉम्बपाशी, दोघं मॅन्युअलवर, एक फक्त वेळ आणि चुका टिपणारा, एक निरीक्षक. दर फेरीला जागा बदलायच्या, म्हणजे पाच फेऱ्यांत प्रत्येक जण एकदा बॉम्बपाशी बसतो. पहिली १० मिनिटं मांडणीला, १५ मॅन्युअल वाचायला. मग ५ मिनिटांचा बॉम्ब आणि १० मिनिटं चर्चा, अशा पाच फेऱ्यांची ७५ मिनिटं. उरलेल्या २० मिनिटांत प्रत्येकानं स्वतःचं पान लिहायचं. फ्रीप्लेमध्ये (बॉम्ब आपणच ठरवायचा प्रकार) ३ मॉड्यूल, म्हणजे बॉम्बवरची तीन कोडी ठेवा, जास्त नको.

पोरं अडकतात कुठे ते सांगतो. तीन वायरींचं मॉड्यूल घ्या. नियम क्रमानं असे: लाल वायर एकही नसेल तर दुसरी कापा, नाहीतर, शेवटची पांढरी असेल तर शेवटची कापा, नाहीतर, निळ्या एकाहून जास्त असतील तर शेवटची निळी कापा, नाहीतर शेवटची कापा. आता समोर निळी, पिवळी, निळी आहे. मॅन्युअलवाला "दोन निळ्या" ऐकतो, थेट तिसऱ्या नियमावर उडी मारतो आणि तिसरी वायर कापायला लावतो. चूक! लाल नाही, म्हणजे पहिल्याच नियमानं दुसरी, पिवळी कापायची होती. हीच प्रोग्रॅमिंगमधली इफ-एल्सची ('असं असेल तर हे, नाहीतर ते') शिडी आहे, वरची पायरी गाळून खालची धरता येत नाही. एक चूक झाली की घड्याळ जोरात पळायला लागतं, मुलं घाबरून आणखी भरभर बोलतात आणि दुसरी चूक लगेच होते. म्हणून नियम ठेवा: सांगितलेलं काम करण्याआधी ते मोठ्यानं परत बोलायचं. "दुसरी, पिवळी, कापतोय." पलीकडून "हो" आल्याशिवाय माऊस हलवायचा नाही.

वारणाकाठ:
हे छान आहे. पण इंग्रजी शब्दांचं काय? आणि चार गट एका खोलीत म्हणजे गोंगाट होणार.

जोडणी:
बोलणं मराठीतच होऊ द्या, कागद तेवढा इंग्रजी. एका मॉड्यूलमध्ये मुद्दाम सारख्या उच्चाराचे शब्द येतात. स्क्रीनवर 'रीड' दिसलं तर ते आर-ई-ए-डी की आर-ई-ई-डी? 'लेड'चंही तसंच. इथे इंग्रजी माध्यमाची मुलंही तितकीच फसतात. उपाय एकच, शब्द न म्हणता एकेक अक्षर सांगायचं. ड्रॉइंगवरचा पार्ट नंबर फोनवर सांगतानाही हीच सवय उपयोगी पडते.

गोंगाटासाठी गट चार कोपऱ्यांत बसवा, स्पीकर बंद ठेवा. आणि माऊस कुणी धरायचा ते रोल नंबरनं ठरवा, मुलांवर सोडू नका. सोडलंत तर गेम खेळणारा मुलगा माऊस बळकावतो आणि मुलींच्या हाती वही येते.

मेसेकॉन:
तिसऱ्या प्रॅक्टिकलला खर्च नको असेल तर लुआंटी हा ठोकळ्यांनी बांधकाम करायचा गेम घ्या (२०२४ पर्यंत याचं नाव माइनटेस्ट होतं). फुकट आहे, जुन्या मशीनवर चालतं आणि इंटरनेट लागत नाही. एका मशीनवर सर्व्हर सुरू करा, बाकीच्यांनी त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि ३०००० पोर्ट टाकायचा. जोडलं नाही तर बहुतेक वेळा सर्व्हरवरच्या विंडोजच्या फायरवॉलनं अडवलेलं असतं. फायरवॉलमध्ये पोर्ट उघडताना यूडीपी प्रकार निवडा. टीसीपी उघडून उपयोग नाही.

त्यात 'मेसेकॉन्स' मॉड (गेमला जोडायची पुरवणी) घाला, म्हणजे वायर, स्विच, दिवे, लॉजिक गेट मिळतात. काम द्या दोन-दोन बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या सर्किटचं: ४ स्विच, ३ दिवे आणि गेट म्हणून ३ एक्सॉर, ३ अँड, १ ऑर. दोघांनी एकम स्थानाची बेरीज करणारा हाफ ॲडर करायचा, दोघांनी हातचा धरून पुढच्या स्थानाची बेरीज करणारा फुल ॲडर. पाचवा फक्त जोडणीचा मालक: कॅरी (हातचा) कोणत्या ब्लॉकवर येणार, किती उंचीवर, हे त्यानं बांधकामाआधी कागदावर लिहून दोन्ही जोड्यांची सही घ्यायची. ही १५ मिनिटं वाचवायला गेलात की शेवटची ४० जातात, कारण दोन्ही अर्धे भाग बरोबर असतात आणि एकमेकांना जुळत नाहीत.

वायरीचा एक गुण आधीच सांगून ठेवा: शेजारच्या ब्लॉकवर टाकलेल्या दोन साध्या वायरी आपोआप जोडल्या जातात. मध्ये एक ब्लॉक मोकळा हवा. तपासणी बायनरीतल्या ०१ + ०१ पासून सुरू करा. १० आलं तर कॅरी पोचतोय. मग १६ च्या १६ जोड्या तक्त्यात भरून घ्या, "चाललं सर" एवढ्यावर मान्य करू नका.

'फॅक्टोरिओ' हा कारखाना उभारायचा गेमसुद्धा चांगला आहे, सर्किट बनवणाऱ्या २ मशीनना तांब्याच्या तारेची ३ मशीन लागतात, असलं गणित त्यात करावं लागतं. साखर कारखान्यात ऊस आत नेणारी गव्हाण कितीही पळवली तरी पुढची मिल तेवढं गाळत नसेल तर कारखान्याबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागणारच, हे आपल्या मुलांना लगेच कळेल. पण चार प्रॅक्टिकलमध्ये तो मावणार नाही.

कराड_पॅनेल:
वरचं सगळं पटतं, पण चौथं प्रॅक्टिकल गेमचं ठेवू नका. शिकलेलं खऱ्या वस्तूवर उतरतंय का ते तिथे बघा. शेतातल्या मोटारीचा डीओएल (मोटर थेट लाइनवर चालू करणारा) स्टार्टर टेबलावर ठेवा, सप्लाय आणि मोटर दोन्ही काढलेली. एकाकडे मल्टिमीटर, दुसऱ्याकडे वायरिंग ड्रॉइंग, पाठीला पाठ लावून. चिठ्ठीवर तक्रार: "हिरवं बटण दाबलं की मोटर चालते, सोडलं की बंद."

दोष घालताना, बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवणाऱ्या होल्डिंग कॉन्टॅक्टची, म्हणजे १३-१४ ची, एक वायर आतून ढिली करून ठेवा. मुलं स्टार्टरचं आर्मेचर (कॉइल ओढून घेते तो हलता भाग) हातानं दाबतात, मीटर थेट १३-१४ वर लावतात, जोडणी सलग असल्याचा बीप येतो आणि "कॉन्टॅक्ट ठीक" म्हणून कॉइलकडे वळतात. कॉन्टॅक्ट ठीकच आहे, गेली आहे ती वायर. प्रोब हिरव्या बटणाच्या दोन टर्मिनलवर लावून आर्मेचर दाबलं की बीप येत नाही, तिथे दोष सापडतो. ड्रॉइंगवाल्यानं "कुठे मोजतोयस?" विचारलं नाही, तर हे कधीच कळत नाही. दुसरा दोष म्हणून ओव्हरलोड (जास्त करंट गेल्यास मोटर बंद करणारा रिले) ट्रिप करून ठेवा: त्याच्या ९५-९६ कॉन्टॅक्टवर बीप यायला हवा, येत नाही.

वारणाकाठ:
स्टार्टर आमच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये आहेत. गुण कशावर देऊ?

जोडणी:
बॉम्ब निकामी झाला की नाही यावर शून्य गुण. नाहीतर येणाऱ्यालाच पुन्हा पुढे बसवतील. १० पैकी ४ चुकांच्या नोंदीला: किती वाजता, कोण काय बोललं, काय ऐकलं गेलं. ३ पुढच्या फेरीत त्यातलं काय बदललं त्याला. उरलेले ३ तोंडी, आणि ज्याला विचाराल त्यानं स्वतःचं नाही, शेजाऱ्याचं काम समजावून सांगायचं. नोंदीची पानं जपून ठेवा, एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मानांकन देणारी संस्था) टीमवर्कच्या आउटकमसाठी पुरावा म्हणून लावता येतील.

कराड_पॅनेल:
एक राहिलं. स्टार्टरच्या मीटरचे सेल आदल्या दिवशी बघून घ्या. सेल उतरलेला असला की बीप येत नाही आणि अख्खा गट चांगल्या वायरीला दोष देत बसतो. सुरुवातीला दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून बीप ऐकायचा, हे चिठ्ठीवरच पहिल्या ओळीत छापा.