आई-बाबांची बोट: स्वीट कुठला घ्यावा आणि जेवायला कुठे बसावं?

प्रेषक: गौरी (सध्या मुक्काम विश्रामबाग, सांगली)

मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार,

सध्या सांगलीत माहेरी आहे. आई-बाबांच्या लग्नाला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होतायत. त्यांना इंग्लंडला आणायचं आणि तिथून क्वीन मेरी २ या बोटीने साऊदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला न्यायचं, असं मी आणि माझ्या नवऱ्याने, अभयने, ठरवलंय. पुढे भाऊ न्यायला येईल. बाबांचा जन्म मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर गेला. समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याला, किनाऱ्यावर उभं राहून. आठवडाभर चारी बाजूंनी पाणीच पाणी, ही त्यांची फार जुनी इच्छा.

माझा विचार असा: आई-बाबांसाठी क्वीन्स ग्रिल स्वीट, म्हणजे सगळ्यात वरचा वर्ग, आणि आम्ही दोघं खिडकी नसलेली आतली साधी खोली घेऊ. बाबा म्हणतात, एवढा पैसा खोलीवर कशाला? अभय म्हणतो, त्याच्या खालचा वर्ग, प्रिन्सेस ग्रिल, पुरे.

आईचं सांगायचं तर डायबेटिस आहे, रात्रीचं जेवण साडेसातला लागतं. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मागच्या वर्षी मिरजेत गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालते, पण जिने आणि लांबची चाल जमत नाही.

ज्यांनी या बोटीने प्रवास केलाय त्यांनी कृपया सांगा. बुकिंग लवकर करायचंय.

गौरी

प्रेषक: शैलाताई, लंडन

गौरी,

आई-बाबांचं मनापासून अभिनंदन! माझं मत विचारशील तर डोळे मिटून क्वीन्स ग्रिल घे. आम्ही माझ्या सासूबाईंना घेऊन गेलो होतो. स्वीटला बटलर असतो. तो बॅगा उघडून कपडे लावून देतो, संध्याकाळी खायला काहीतरी आणून ठेवतो. खोली सुमारे ५०० चौरस फुटांची, बाथटब वेगळा. बरं नसेल तर जेवणघरातलंच जेवण खोलीत आणून एकेक पदार्थ रीतसर वाढतात. सासूबाईंना एक दिवस बोट लागली, तेव्हा या वाढण्याची किंमत कळली. पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसांना एवढं सुख द्यावं असं मला वाटतं.

कपड्यांची काळजी करू नकोस. गाला रात्रींना, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्रींना, पारंपरिक पोशाख चालतो. आईंना पैठणी, बाबांना जोधपुरी. छान दिसतील.

शैला

प्रेषक: वसंतकाका, साऊदॅम्प्टन (मूळ सातारा)

गौरी,

तुझ्या मेलमध्ये एक गोष्ट खटकली, ती आधी विचारतो. आई-बाबा क्वीन्स ग्रिलमध्ये, तू आणि अभय आतल्या खोलीत. मग रात्री चौघं एकत्र जेवणार कुठे?

क्युनार्डच्या, म्हणजे क्वीन मेरी २ ज्या कंपनीची तिच्या, बोटींवर खोली ठरली की जेवणघर ठरतं. क्वीन्स ग्रिलच्या स्वीटवाल्यांनी क्वीन्स ग्रिलमध्ये जेवायचं, प्रिन्सेसवाल्यांनी प्रिन्सेस ग्रिलमध्ये, ब्रिटानिया क्लबच्या खोल्यांचं जेवणघर तिसरं आणि बाकी सगळी बोट मोठ्या ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये. वरच्या वर्गातल्या माणसाने खालच्या वर्गातल्या लेकीला आपल्या टेबलावर बसवायचं म्हटलं तर बसवता येत नाही. वरचे पैसे भरतो म्हटलं तरी नाही. उलट आई-बाबा तुमच्याकडे ब्रिटानियात आले, जागा मोकळी असली आणि मुख्य वेटरने मनावर घेतलं, तर एखाद्या रात्री जमून जातं. पण त्यावर आठवड्याची मांडणी करता येत नाही. उरला किंग्ज कोर्टचा बुफे. तिथे कुणीही बसावं. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने ताट हातात घेऊन हलत्या बोटीवर रांगेत उभं राहायचं, हे मला पटत नाही.

सात रात्रींचा प्रवास आहे. मध्ये बंदर नाही, उतरायचं कुठे नाही. दिवसा प्रत्येक जण आपापल्या नादात असतो. कुणी व्याख्यानाला, कुणी लायब्ररीत, कुणी डेकवर. तुझ्या बाबांना तारांगण आवडेल बघ, बोटीवर खरंखुरं तारांगण आहे. सगळी माणसं एका जागी निवांत येतात ती फक्त रात्रीच्या जेवणाला. पन्नासाव्या वर्षाचा प्रवास आणि लेक-जावई दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्याच टेबलावर, असं होऊ देऊ नकोस. चौघांचा वर्ग एकच ठेव. कुठला ते मग ठरवू.

आता वर्गांचं. पूर्वी अटलांटिकवर वर्ग म्हणजे सगळंच वेगळं असायचं. १९३६ सालच्या पहिल्या क्वीन मेरीवर तीन वर्ग होते आणि त्यांचे डेक, दिवाणखाने, जेवणघरं सगळं निरनिराळं. आताच्या क्वीन मेरी २ वर, म्हणजे २००४ पासून चालू असलेल्या बोटीवर, थिएटर, लायब्ररी, डेक सगळ्यांना सारखेच. ग्रिलवाल्यांना एक लाउंज आणि एक गच्ची तेवढी राखीव. म्हणजे खोली सोडली तर तू वर्गाचे पैसे मुख्यतः जेवणाच्या टेबलासाठीच देतेस.

ब्रिटानियात रात्री दोन पंगती बसतात, पहिली सहाच्या सुमाराला आणि दुसरी साडेआठला. आईंना लागतं साडेसातला. पहिली पंगत लवकर होते, मग रात्री पुन्हा भूक लागते. दुसरी तर त्यांच्या गोळ्यांच्या वेळेला अजिबात चालायची नाही. साडेआठला बसलात की पुढ्यात काही यायला नऊ वाजतात. जेवणघर सुंदर आहे, दोन मजल्यांवर पसरलेलं, वर उंच छत, हजारावर माणसं एकदम जेवतात. वेटर मंडळी कष्टाळू असतात, पण पंगत म्हणजे पंगत. एकीला थांबा, एकीला आधी वाढा, हे त्यांना कसं जमावं?

ब्रिटानिया क्लबमध्ये नेमकी ही अडचण सुटते. पंगती नाहीत. तुमचं टेबल आठवडाभर तुमच्याच नावावर आणि साधारण साडेसहा ते नऊमध्ये कधीही या. जेवण बरंचसं ब्रिटानियाचंच, वर थोडे जास्तीचे पदार्थ. वेटर तेच, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून आईंना काही सांगावंच लागणार नाही. खोली मात्र स्वीट नव्हे. चांगली बाल्कनीवाली खोली, बस.

प्रिन्सेस ग्रिलमध्ये टेबल तसंच राखीव, वेळ तशीच मोकळी. त्यावर सुमारे ३८० चौरस फुटांचा स्वीट आणि स्वयंपाकघर लहान असल्यामुळे मेन्यूबाहेरचं मागायची मोकळीक जास्त. क्वीन्स ग्रिलमध्ये याहून जास्त काय मिळतं? खोली मोठी, बटलर आणि भरून ठेवलेली दारू. शैलाताईंचं खोलीतल्या वाढण्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर मीही क्वीन्सच सांगितलं असतं. पण तुझे आई-बाबा दारूला शिवत नाहीत. कपाटातले कपडे दुसऱ्याने लावलेले आईंना चालतील का, हे तूच सांग. अंडं वर्ज्य असलेल्या माणसाला क्वीन्सचा मेन्यू प्रिन्सेसहून फार वेगळं काही देत नाही. तिथली खासियत मांसाची आणि माशांची.

शाकाहाराचं बघितलेलं सांगतो. मी माझ्या थोरल्या भावाला आणि वहिनींना साताऱ्याहून आणून याच बोटीने नेलं होतं. आम्ही क्लबमध्ये होतो. पहिल्या रात्री वहिनींपुढे मशरूमचं काहीतरी आलं, त्यांनी दोन घास खाऊन ठेवलं. मुख्य वेटरने ताटाकडे पाहिलं आणि खुर्चीशेजारी वाकून विचारलं, उद्या काय खाल? वहिनी मराठीत म्हणाल्या, मी इंग्रजीत सांगितलं: तुरीची डाळ, हळद, हिंग असेल तर हिंग, लसूण नको, भात मऊ. दुसऱ्या रात्री वरणभात आला. वाफ येत होती, वर लिंबाची फोड, शेजारी वितळलेल्या लोण्याची वाटी. आत भारतीय आचारी होता. या बोटींवर आपल्याकडची बरीच माणसं कामाला असतात. पण लक्षात ठेव, हे आदल्या दिवशी सांगितल्याने झालं. टेबलावर बसून ऐन वेळी मागितलं तर डाळ शिजणार कधी? म्हणून बुकिंग करतानाच शाकाहारी, अंडं नाही, डायबेटिस असं लिहून दे आणि चढल्यावर त्याच दुपारी जेवणघरात जाऊन मुख्य वेटरला भेट.

खोली कुठे आहे तेही बघ. बोट ३४५ मीटर लांब आहे. टोकाची खोली मिळाली तर आईंचा अर्धा दिवस बोळातच जाईल. लिफ्टजवळची, बोटीच्या मध्याजवळची माग. मध्यावर हलतंही कमी. बाल्कनीसाठी जीव टाकू नका. उत्तर अटलांटिकचा वारा उन्हाळ्यातही बोचतो. ब्रिटानियाच्या खालच्या मजल्यांवर बाल्कनीला पुढे पोलादी भिंत असते, खुर्चीत बसलं की समोर लोखंड आणि वर आभाळ. क्लबच्या बाल्कनीला काच असते, बाबांना बसल्या बसल्या समुद्र दिसेल.

माझं मत: दोन्ही खोल्या क्लबच्या घे. हात आखडता घ्यायचा नसेल तर दोन्ही प्रिन्सेस. आधी एका कागदावर एक क्वीन्स आणि एक आतली खोली अशी बेरीज कर, शेजारी क्लबच्या दोन खोल्यांची. क्लबच्या खोल्या थोड्याच असतात आणि लवकर संपतात, म्हणून उशीर नको. दोन्ही बुकिंगं एकमेकांना जोडून घे आणि चौघांचं एक टेबल हवं असं लेखी कळव.

दिशा तू बरोबर निवडली आहेस. न्यूयॉर्ककडे जाताना पाच तासांचा फरक एकेका रात्रीत एकेक तास करून मिळत जातो, पंचवीस तासांचे दिवस होतात. वयस्कर माणसांना विमानापेक्षा हे फार मानवतं.

वसंतकाका

प्रेषक: मंगेश, रीडिंग

काकांना दुजोरा. एक भर घालतो. याच कंपनीच्या २०२४ साली आलेल्या क्वीन ॲन बोटीवर अरण्य नावाचं भारतीय रेस्टॉरंट आहे, वेगळे पैसे देऊन जेवता येतं, वर्ग कुठलाही असो. पण बाबांना अटलांटिक ओलांडायचाच असेल तर क्वीन मेरी २ च. तिथे वेगळे पैसे घेणारं मुख्य रेस्टॉरंट स्टेकचं आहे, आपल्या उपयोगाचं नाही.

मंगेश

प्रेषक: गौरी

काका, शैलाताई, मंगेश, खूप आभार.

एकत्र जेवता येणार नाही हे मला माहीतच नव्हतं. एजंटनेही सांगितलं नाही. काल रात्री काकांचा मेल बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "मग ठरलंच की. ताटं चार आणि टेबल एक." आईने विचारलं, वरण रोज मिळेल का!

बेरीज मांडली. क्लबच्या दोन खोल्या आमच्या आधीच्या बेतापेक्षा कमीत बसतायत. उरलेल्यातून साऊदॅम्प्टनला आधी दोन रात्री राहू, म्हणजे भारतातून आल्याचा शिणवटा जाईल.

दोन शंका. त्या आठवड्यात संकष्टी येते. आई सांगलीच्या गणपतीची भक्त, उपवास मोडणार नाही. काय करावं? आणि घरून भडंग, राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट नेलं तर चालेल का?

गौरी

प्रेषक: वसंतकाका

गौरी,

साबुदाणा मिळेल अशा भरवशावर राहू नका. उकडलेले बटाटे, दूध, दही, फळं, सुकामेवा बोटीवर हवं तेवढं. आदल्या रात्री मुख्य वेटरला सांगितलं की दुपारी टेबलावर तयार. फक्त डायबेटिसमध्ये दिवसभर नुसत्या फळांवर राहायचं की नाही, हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि चंद्रोदयाची वेळ आधी बघून ठेव. समुद्रावर घड्याळ रोज बदलतं, सांगलीच्या कॅलेंडरातली वेळ तिथे कामाची नाही.

कोरडा, सीलबंद खाऊ चालतो. खोलीत चहाची किटली असते, पण स्वतःची शेगडी, किटली, इस्त्री नेऊ नका, काढून ठेवतात. न्यूयॉर्कला उतरताना खाऊ आहे असं खरं सांगा. बोटीवरचं एकही फळ पर्समध्ये राहू देऊ नका.

सगळ्यात आधी व्हिसा. आई-बाबांचे पासपोर्ट भारतीय, म्हणजे ब्रिटनचाही लागेल आणि अमेरिकेचाही. दोन्ही हातात नसतील तर बोटीवर चढू देत नाहीत. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख लांबची मिळू शकते आणि त्यासाठी सांगलीहून मुंबईला जावं लागेल. तू तिथे आहेस तोवर दोघांचे फॉर्म भरून टाक. बोटीच्या बुकिंगची रक्कम किती दिवस आधीपर्यंत परत मिळते ते विचार आणि ती मुदत व्हिसाच्या तारखेनंतरची असेल असंच बुकिंग घे. विमा जुन्या आजारांसकट काढा, बोटीवरच्या डॉक्टरांचं बिल मोठं होतं. औषधं हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नकोत. ती बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते.

चढायच्या दिवशी मी बंदरावर येईन. व्हीलचेअर आधी सांगून ठेव.

वसंतकाका