माहलरची नववी: कोणतं रेकॉर्डिंग ऐकू?

धरमपेठचा_कानसेन: भाऊ, महिनाभर झाला ऑस्ट्रियन संगीतकार माहलरची नववी सिम्फनी (ऑर्केस्ट्राची मोठी रचना) ऐकून राहिलो. ऑर्केस्ट्रा चालवणारे कंडक्टर बर्नस्टाईन (बर्लिन, १९७९) आणि कारायान (१९८२), दोघांचीही रेकॉर्डिंग ऐकली, पण शेवट एकदम हळू आहे, आमच्याकडे कूलर चालू असला की शेवटची पाच-सहा मिनिटं नुसता पंखा ऐकू येते, आणि मे महिन्यात कूलर बंद कोण करते! एकच घ्यायचं तर कोणतं?

जुनी_तबकडी: कंडक्टर ब्रुनो वॉल्टरचं, व्हिएन्ना, जानेवारी १९३८. लाइव्ह आहे, खोकलेबिकले सगळं ऐकू येते. माहलर १९११ मध्ये गेला, १९१२ ला ही पहिल्यांदा वाजवली ती यानंच, आणि या कॉन्सर्टनंतर दोनच महिन्यांत हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला, वॉल्टर ज्यू, त्याला देश सुटला. सत्तर मिनिटांत संपवतो, रडत बसत नाही.

सीताबर्डी७८: पण आवाज किती खरखरीत आहे तो! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहून देता? त्याचंच १९६१ चं स्टीरिओ आहे ना. बर्नस्टाईनमध्ये शेवटच्या भागात ऐन कळसाला ट्रॉम्बोन (पितळी वाद्यं) वाजतच नाहीत, तरी मला तेच आवडते, अंगावर येते एकदम. कारायान गुळगुळीत वाटला, मार्बलच्या फरशीसारखा.

धरमपेठचा_कानसेन: ट्रॉम्बोनचं माहीतच नव्हतं, मी कूलरला दोष देत होतो 😄 आज पहाटे चारला उठून ऐकतो, तेव्हा थोडं थंड असते.

जुनी_तबकडी: हेडफोन घे बाप्पा.