‘देक्रेत्सेल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: रोमानियावरचा एक लेख मराठीत करतेय. तिथे १९६७-६८ च्या सुमाराला जन्मलेल्यांना देक्रेत्सेल म्हणतात, मी ‘डिक्रीची मुलं’ लिहिलं पण बरं वाटत नाहीये. ‘हुकमी मुलं’ चालेल का?

प्रतिसाद: ताई, डिक्री नको, आपल्याकडे डिक्री म्हटलं की कोर्ट आणि जमिनीचा दावाच आठवतो. ‘हुकमी’ पण नको, हुकमी एक्का म्हणजे खात्रीचा, अर्थच फिरतो. मी ‘फर्मानी पोरं’ लिहीन. रोमानियाचा तेव्हाचा कम्युनिस्ट नेता चाऊशेस्कू, त्याच्या सरकारनं ऑक्टोबर १९६६ मध्ये ७७० नंबरचं फर्मान काढून गर्भपात जवळपास बंदच केला, ४५ च्या पुढची बाई, चार मुलं वाढवलेली, बलात्कार, जिवाला धोका असे थोडेच अपवाद ठेवले आणि वर गर्भनिरोधकं बाजारात मिळेनाशी झाली. बाईमागे सरासरी १.९ मुलं होती ती एका वर्षात ३.७ वर गेली. ‘पोरं’च म्हणा, कारण मूळ शब्दातला शेवटचा प्रत्यय लहानपण दाखवतो, आपल्या पिल्लू-बिल्लूसारखा.

प्रश्नकर्ती: आवडलं, फर्मानी पोरं घेते. लेखात पुढे दवाखान्यातला प्रसंग आहे, तिथे नुसतं ‘गर्भपात’ लिहू का?

प्रतिसाद: तिथे क्रियापद जपून वापरा. आपण गर्भपात झाला म्हणतो आणि केला किंवा करून घेतला असंही म्हणतो, बोलताना तर पोट पडलं आणि पाडलं एवढाच फरक, आणि त्या काळात रोमानियात नेमकी याचीच चौकशी व्हायची. रक्तस्राव होत असलेली बाई दवाखान्यात आली की आपोआप झालाय की कुणी केलाय हे आधी बघायचे, मिलिशियाला, म्हणजे तिथल्या पोलिसांना, नाहीतर सरकारी वकिलाला कळवावं लागायचं आणि तोवर डॉक्टर हात लावायला घाबरायचे, बाई तिकडे पलंगावर तापानं फणफणतेय आणि तिला विचारताहेत की कुणाकडून केलंस. अशा चोरून केलेल्या गर्भपातांमुळे हजारो बायका गेल्या हो. १९८९ मध्ये लाख जन्मांमागे दीडशेच्या वर माता दगावत होत्या, २६ डिसेंबरला बंदी उठली आणि पुढच्याच वर्षी हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. म्हणून ‘झाला’ आणि ‘केला’ हे एकमेकांच्या जागी लिहू नका प्लीज. त्या बायका ‘कुरेताज’ म्हणतात, तिथे आपलं ‘क्युरेटिंग’ बिनधास्त वापरा, पिशवी साफ केली म्हटलं तरी मराठी बाईला लगेच कळतं.

दुसरा प्रतिसाद: मी एवढंच सांगेन की त्या सरकारी धोरणाला ‘कुटुंबनियोजन’ म्हणू नका. आपल्याकडे कुटुंबनियोजन केलं म्हणजे ऑपरेशन केलं, मुलं थांबवली, आणि इथे तर सरकार जास्त मुलं मागतंय, कारखान्यात बायकांची तपासणी करून कुणाला दिवस गेलेत ते बघतंय. ‘सक्तीचं मातृत्व’ मला योग्य वाटतं. ‘संततिनियमन’ हा र. धों. कर्व्यांच्या काळातला शब्द मात्र राखून ठेवा, त्यात नवराबायकोनं स्वतः ठरवणं आहे, ते ठरवणं परत मिळाल्यावर १९८९ नंतरच्या भागात वापरा.

प्रश्नकर्ती: आणि २५ च्या वरच्या मूल नसलेल्यांवर जो कर होता? ‘निपुत्रिक कर’ लिहिलाय.

प्रतिसाद: निपुत्रिकमध्ये मुलगी मोजत नाहीत, तेव्हा तो शब्द काढाच. ‘अविवाहित कर’ही चूक, लग्न झालेल्यांनाही तो भरावा लागायचा. सरळ ‘मूल नसल्याचा कर’ लिहा.