परदेशात शिकताना पाहिलेली फुलांची शेतं: तुमचे अनुभव लिहा

शहापूर, बेळगाव

परवा गणपत गल्लीत अबोलीचा गजरा घेताना मला एकदम हॉलंडमधलं लिसे आठवलं. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यातली कितीतरी मुलं शिकायला बाहेर गेली. वसंतात एखादा रविवार काढून फुलांच्या शेतावर गेलेले त्यांत असतीलच. त्यांनी इथं लिहावं. शेतकऱ्याच्या घरातल्यांनी तर नक्कीच लिहावं, त्यांना शेतात जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही. सुरुवात मी करते.

हॉलंडमध्येच डेल्फ्टला शिकायला गेले तेव्हाचा माझा पहिलाच हिवाळा. डिसेंबरात साडेचारला दिवस मावळायचा आणि मार्चपर्यंत मी पार कोमेजून गेले होते. एप्रिलमध्ये मैत्रिणींनी ओढून नेलं. लायडेनपर्यंत रेल्वे, पुढं बस. लिसेचं क्युकेनहॉफ हे खरं तर शेत नव्हे, बाग आहे. ३२ हेक्टरची, दरवर्षी सुमारे ७० लाख कंद हातानं लावलेली, आणि उघडी असते जेमतेम आठ आठवडे. बसमधून उतरल्यावर फुलं दिसायच्या आधी वास आला. हायसिंथ नावाच्या फुलांचा. निशिगंधाच्या दोन टोपल्या बंद खोलीत ठेवाव्यात तसा. तिथंच बाकावर बसून आईला फोन लावला. कालव्यापलीकडची खरी शेतं दाखवली, ट्यूलिपचे लाल, पिवळे, जांभळे पट्टे. तिनं विचारलं, "देवाला वाहतात काय गं ही?" म्हटलं, नाही. "मग एवढ्या फुलांचं करतात तरी काय?"

मला सांगता आलं नाही. पण त्या दिवशी आठ महिन्यांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

निपाणीजवळचं खेडं

ताई, तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर मला आमच्या आबांनी दिलं.

मी हॉलंडमध्येच वाखेनिंगनला शेतीचं शिकायला होतो. एप्रिलअखेरीस आम्ही चौघं लिसे-हिलेगोम रस्त्यानं सायकलवर निघालो. एका शेतात यंत्र चालू होतं आणि ते ऐन बहरातली फुलं माथ्यावरून छाटत चाललं होतं. मागं नुसते हिरवे देठ. बांधाला लाल पाकळ्यांचा गुडघाभर ढीग. जवळ गेलो तर खालचा थर आंबायला लागलेला, त्यातून वाफ येत होती. बरोबरची मुंबईची मुलगी तर रडकुंडीला आली.

मी व्हिडिओ काढून घरी पाठवला. आबांना ट्यूलिप हे नावही ठाऊक नाही. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "कंद पोसायचा असंल त्यांला. आपण तंबाखूचा शेंडा खुडतोय की, तसंच हाय ते."

अगदी तसंच आहे. तंबाखूला फुलोरा येऊ दिला तर पानाला वजन भरत नाही, म्हणून शेंडा खुडायचा, मग बगलफूट काढत राहायची. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मीही खुडलंय. चिकानं हात काळे होतात, साबणानं निघत नाहीत. ट्यूलिपचंही फूल राहू दिलं तर झाड बी धरायला लागतं आणि कंद बारीक राहतो. तिथला शेतकरी पिकवतो तो कंद. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचा, जून-जुलैत काढायचा, मोठे विकायचे, लहान परत लावायचे. समुद्राच्या वाळूटेकड्यांमागची ती रेताड जमीन पाणी धरून ठेवत नाही, म्हणून कंद कुजत नाहीत.

आणखी एक बघितलं. एक म्हातारा माणूस ओळीओळीनं वाकून चालला होता. पाकळीवर रेघोट्या उठलेलं झाड दिसलं की कंदासकट उपटायचा. त्या रेघोट्या विषाणूच्या, मावा तो पसरवतो. १६३७ साली ज्या ट्यूलिपचा बाजार कोसळला, त्यात सगळ्यात महाग असल्याच रेघांची फुलं होती. आमचे आबाही कोकडलेलं रोप दिसलं की असंच वाकून उपटतात, कमरेवर तसाच एक हात ठेवून. मी त्या माणसाकडं बराच वेळ बघत उभा राहिलो.

खानापूर तालुका

माझं अमेरिकेतल्या सिएटलचं. तिथून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर स्कॅगिट खोरं, तिथंही ट्यूलिपची शेतं. पाऊस आणि चिखल बघून मला आमच्या आषाढाची आठवण झाली, फक्त थंडी हाडात शिरणारी. गेलो तेव्हा सगळ्या कळ्या मिटलेल्या. ढगाळ थंडीत ट्यूलिप मिटून बसतं. दुपारी वीसेक मिनिटं ऊन पडलं आणि समोरची ओळ हळूहळू उघडत गेली. एका लाल फुलात वाकून बघितलं. बुडाशी काळा डाग, त्याला पिवळी कड, आणि मधोमध पावसाचा एकच थेंब. मात्र वास घेतला तर काहीच नाही. आई म्हणाली, "मोगरा बरा मग."

येळ्ळूर

आम्ही परीक्षा संपल्यावर १० मेला गेलो. शेतात फक्त पानं. हॉलंडला जाणाऱ्यांनी एप्रिलचा मधला-शेवटचा आठवडा धरावा. आणि कळकळीची विनंती, फोटोसाठी शेतात शिरू नका. मोडलेल्या पानानं कंद खराब होतो, बुटांबरोबर रोग पसरतो. आमच्या पोटरीवर आलेल्या बासमतीत कुणी उतरलं तर चालेल का? बांधावरून बघा.

टिळकवाडी

मी स्वतः शिकायला गेले नाही, मुलगी गेली होती. तिच्याकडं गेले असताना तिनं मला शेत दाखवलं, तेव्हापासून ध्यास लागला. नर्सरीतून कंद मागवून कुंडीत लावले. पहिल्या वर्षी नुसती पानं. मुलीनं सांगितलं, आई, त्याला बारा ते सोळा आठवडे कडक थंडी लागते, आपली बेळगावची थंडी पुरत नाही. दुसऱ्या वर्षी गणपती झाल्यावर सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवून लावले. जानेवारीत एक फूल आलं, पण देठ चार बोटांचाच, पानांच्या मधेच उमललं. तरी शेजारच्या काकू दोनदा बघून गेल्या.

यंदा चौदा आठवडे ठेवलेत, भाजीच्या कप्प्यात, कागदी पिशवीत. सफरचंदाच्या वायूनं आतली कळी मरते म्हणे, म्हणून फळं सगळी बाहेर काढलीत.