समुद्र स्कारा ब्रे खातोय. भिंत वाढवायची की जाऊ द्यायचं?

मिरजेचे मास्तर (धागाकर्ते)
भाची ॲबर्डीनला असते. ती बोटीनं ऑर्कनी बेटांवर जाऊन आली, स्कॉटलंडच्या उत्तरेला. तिथलं स्कारा ब्रे हे नवाश्मयुगातलं गाव इ.स.पू. ३१८० ते २५०० च्या सुमारास नांदतं होतं, म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड उभा राहायच्याही आधी. बेटावर लाकडाची वानवा, म्हणून घरातलं सगळं दगडी. मधोमध चूल, दोन्ही अंगांना दगडी पलंग आणि दारासमोर मांडणी. होय, मांडणीच! आजीच्या स्वयंपाकघरातली आठवा, फक्त फळ्यांच्या जागी फरशा. दारातून आत पाऊल टाकलं की पहिली नजर तिच्यावर. घासलेली पितळी भांडी लोक समोर का लावतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

१८५० च्या वादळात वरची वाळू उडाली आणि गाव उघडं पडलं. १९२४ च्या वादळानं एका घराचा तुकडा नेला. मग समुद्राच्या अंगाला भिंत बांधली. आता भिंतीमागे ठीक आहे, पण तिच्या टोकांना समुद्र आत घुसतोय. माझं मत: भिंत लांबवत बसू नये. राहिलेलं उकरा, दगडन्‌दगड मोजा, नोंद करा आणि जाऊ द्या. गाव वसलं तेव्हा समुद्र लांब होता, आता दारात आलाय. किती वर्षं त्याला दाराबाहेर उभं करणार?

झोडा आता.

मळीवाला
राग मानू नका मास्तर, पण ज्याचं रान काठाला नाही त्याला ‘जाऊ द्या’ म्हणायला काय जातंय? भिलवडीच्या अलीकडं कृष्णेला लागून आमची मळी आहे, म्हणजे नदीकाठची जमीन. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, ते सगळ्या सांगलीला आठवतं. आम्हाला आठवतं ते पाणी उतरतानाचं. चढतं पाणी पीक नेतं, उतरतं पाणी जमीन नेतं. भिजून जड झालेला काठ खालनं सुटतो आणि ऊस उभाच्या उभा घसरतो. वरच्या कडेला नुसत्या मुळ्या लोंबत राहतात. आमचे ६ गुंठे असे गेले. सातबाऱ्यावर अजून आमच्याच नावावर आहेत!

ही तुमची नोंद. कागदावर सगळं जागच्या जागी, पेरायला जा म्हटलं तर होडी लागेल.

तासगावचा ओव्हरसियर
मळीवाले, दुःख खरं आहे, पण तुमच्याच काठाचं उदाहरण मास्तरांच्या बाजूनं जातंय. वरच्या वळणाला दगडाचं पिचिंग, म्हणजे काठाच्या उतारावर दगडांचा थर, झालं (कुणी केलं ते सोडा), त्यानंतर कुठं ढासळलं? पिचिंगच्या मागे नाही, ते संपतं तिथं. भिंत पाण्याचा जोर मारत नाही, शेजाऱ्याच्या गळ्यात घालते. समुद्राचंही तेच. लाट भिंतीवर आपटून परत फिरते, जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि भिंत संपली की मऊ जमिनीत वळसा घालून मागनं शिरते. भिंत वाढवली म्हणजे टोक पुढं सरकलं, एवढंच.

ऑर्कनीच्या या वारसास्थळाला युनेस्कोचा दर्जा १९९९ चा. २०१९ ला तिथं हवामान-धोक्याचं मोजमाप झालं. समुद्राची वाढती पातळी, वादळांचा जोर आणि पाऊस हे तिथले मुख्य धोके. यातल्या एकाला तरी भिंत पुरेल का?

सातारी कंदी
मग उचलून वर ठेवा की राव! नागार्जुनसागर धरणाच्या वेळी नागार्जुनकोंड्याचे प्राचीन बौद्ध अवशेष हलवलेच ना? स्कॉटलंडमध्येच, शेटलंडच्या ब्रेसे बेटावर तर कांस्ययुगातली एक दगडी रचना काठावरनं उचलून २००८ ला दुसरीकडं मांडली.

कोयनाकाठची
कंदीदादा, ते सुट्या बांधकामाचं जमतं. स्कारा ब्रेची घरं उकिरड्यात रोवलेली आहेत, अक्षरशः. भोवती राख, हाडं, शिंपले यांचा थर, तोच भिंतींचा आधार आणि थंडीवाऱ्यापासून ऊबही. दगड उचलाल, उकिरडा कसा उचलणार? आणि आम्हाला (पुरातत्त्व शिकतेय) मांडणीपेक्षा उकिरड्याचीच हाव जास्त. लोक काय खायचे ते तिथं कळतं.

मास्तर, तुमच्या ‘नोंद करा आणि सोडा’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्डनं १९२८ ते ३० मध्ये तिथं उत्खनन केलं. एवढा मोठा माणूस, तरी सुरुवातीला त्याला ते लोहयुगातलं, पिक्ट लोकांचं (स्कॉटलंडच्या जुन्या रहिवाशांचं) गाव वाटलं. चूक थोडीथोडकी नाही, अडीच हजार वर्षांची! १९७२-७३ ला पुन्हा खणलं, तेव्हा रेडिओकार्बननं (हाडं, कोळसा यांतल्या कार्बनवरून वय काढतात त्यानं) काळ पक्का झाला. का झाला? उकिरड्याचा भाग जागेवर शिल्लक होता म्हणून. १९३० सालीच सगळं उकरून समुद्राला सोडलं असतं, तर ते नमुने आणले कुठून असते?

आणि पाण्याला अडवणं ही आजची हौस नाही. आपल्या घोडनदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते ८३ खोदकाम केलं. तिथं ताम्रपाषाण काळातल्या लोकांनी घातलेला बांध सापडला, पाटही. त्यांनी ‘जाऊ द्या’ म्हटलं नव्हतं.

मिरजेचे मास्तर
चाइल्डचा मुद्दा लागला. ‘सगळं उकरा’ हे माझे शब्द मागे. पण भिंतीचं काय? इनामगावच्या बांधामागे पोटं होती, माणसं होती. स्कारा ब्रेमागे तिकीटखिडकी आहे. पाहुण्यांसाठी त्यांनी एका घराची हुबेहूब प्रतिकृतीही उभी केली आहे.

मळीवाला
प्रतिकृती! उद्या माझ्या मळीची करा आणि तिच्यात ऊस लावा म्हणा.

तासगावचा ओव्हरसियर
मळीवाले, चिडू नका. ‘भिंत नको’ म्हणजे ‘काहीच नको’ असं मी म्हटलेलं नाही. आहे ती भिंत सांभाळा, पायथा बघत राहा, आणि टोकाशी कडक बांधकामाऐवजी उतार, वाळू, गवत असं काही करा. कायमचं नाही टिकणार. ३०-४० वर्षं मिळाली तरी ताईंसारख्यांना उकिरडा तपासायला वेळ मिळेल.

कोयनाकाठची
३०-४० वर्षं? सही कुठं करायची सांगा.

मळीवाला
टोकाला गवत म्हणताय, तर आमच्याकडं पिचिंग संपतंय तिथं मी गेल्या साली बांबू लावलाय, १२ बेटं. चार वाहून गेली, आठ धरलीत. मास्तर, भाचीला विचारा, त्या भिंतीच्या टोकाला तिकडं काय लावलंय. फोटो असला तर टाका.